पोटोबा पँटचा हंगाम

४ सप्टेंबर, बुधवार

शटर पुरतं वर जायच्या आधीच धाकटा खालून वाकून आत आला आणि म्हणाला, "ताई, सेल लावायचा." माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. सेल हा शब्द आमच्या दुकानात आजवर शिवीसारखा होता.

आम्ही समुद्रावर फळी घेऊन लाटांवर चढणाऱ्या पुरुषांचे कपडे विकतो. सेंद्रिय कापसाचे शर्ट, आणि मच्छीमारांनी टाकून दिलेल्या जाळ्यांचा धागा करून विणलेल्या कापडाच्या अर्ध्या चड्ड्या. (चड्डी म्हटलं की धाकटा चिडतो. "बोर्डशॉर्ट म्हण ताई, गिऱ्हाईक पळेल.") भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलंय, 'कमी घ्या, जपून वापरा.' कुणी भाव कमी करा म्हणालं की तो त्याला कासवं, मासे आणि समुद्राच्या तळाशी साठलेला कचरा यांवर इतकं ऐकवायचा, की माणूस पूर्ण पैसे देऊन सुटका करून घ्यायचा. शिवाय आमच्याकडचा कपडा फाटला तर मी तो फुकट शिवून देते, कितीही जुना असो. त्यासाठी कोपऱ्यात माझं मशीन आहे.

आणि आज तोच म्हणतो, हंगाम संपला, माल पडून राहणं हाही एक कचराच. बोलण्यात त्याला कोण हरवणार?

मग त्याने खरं कारण सांगितलं. डावी भिंत रिकामी करायची आहे. "तुझ्यासाठी. पुढच्या हंगामात तिथे फक्त तुझी पोटोबा पँट. आणि बाहेर पाटीवर तुझंही नाव."

शाळेतली शिवणाची नोकरी सोडून मी या दुकानात आले ती पहिल्या दिवसापासून. पाटीवर नाव धाकट्याचं, पेपरात फोटो धाकट्याचा, आणि तोंडात टाचण्या धरून ट्रायल रूमच्या पडद्याबाहेर उभी मी. त्याचं मला कधी काही वाटलं नाही, असं लिहिणार होते. पण स्वतःच्या डायरीत खोटं कशाला लिहा? वाटायचं. आज मात्र घरी येताना मी रस्त्यात चक्क गुणगुणत होते.

७ सप्टेंबर, शनिवार

आज ह्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभं करून पँट शेवटची अंगावर बसवली. हे वीज कंपनीत मीटर तपासत दिवसभर जिने चढतात, तरी पोट जागचं हलत नाही. पोटोबा पँट जन्मली ती या पोटापायीच. आमच्याकडे येणारे निम्मे पुरुष कधी लाटेवर चढलेले नसतात. ते पोट आत ओढून आरशासमोर उभे राहतात, आणि श्वास सोडला की बटण काकुळतीला येतं. माझ्या पँटची कंबर पुढून पोटाखाली उतरते, मागून वर चढते, आणि इलॅस्टिक फक्त पाठीला. माणूस खाली बसला, वाकला, जेवला तरी कुठे काचत नाही. हे जमवायला मी मापाचे किती कागद कापले आणि फाडले ते माझं मला माहीत.

"बसून दाखवा," म्हटलं. हे बसले. "जेवून दाखवू का?" म्हणाले.

ह्यांचा डावा पाय लहानपणी मोडला होता, तो किंचित आखूड जुळला. चालताना कळत नाही, पण पँटला कळतं. विकतची कुठलीही पँट डाव्या टाचेखाली लोळते आणि मला ती उसवून वर घ्यावी लागते. या पँटचे कागद मी थेट ह्यांच्याच अंगावरून काढले, त्यामुळे डाव्या आणि उजव्या पायाचे वेगळे आहेत. माल शिवायला घेण्याआधी ते सारखे करायला हवेत.

धाकटा जेवायला आला होता. "भावोजी, फिरा बरं," म्हणत त्याने चारी बाजूंनी फोटो काढले. इतका मन लावून तो माझ्या कामाकडे पहिल्यांदाच बघत होता. निघताना सगळे कागद गुंडाळून मागितले, मास्तरांना दाखवतो म्हणाला. मास्तर म्हणजे दुकानामागच्या खोलीत आमचं कापड बेततात ते. डाव्या पायाचं सांगायला मी दारापर्यंत गेले, पण तो फोनवर बोलत जिना उतरलाही होता. सांगेन उद्या.

११ सप्टेंबर, बुधवार

सेलचा पहिला दिवस. पुरुष सेलला येत नाहीत, आणले जातात. बायका पुढे, नवरे पिशव्या धरून मागे. एकीने नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही, माझ्याकडेच बघून म्हणाली, "यांना निळा नको, निळ्यात ते आजारी दिसतात." नवरा बिचारा आरशात बघून स्वतःची तब्येत तपासत राहिला. दुसरी म्हणाली, "सर्फिंगचं जाऊ द्या, हे घालून भाजी आणायला गेले तरी पुरे." मी जीव तोडून विकत होते. प्रत्येक शर्ट गेला की डावी भिंत थोडी माझी होत होती.

'कमी घ्या, जपून वापरा' यावर धाकट्याने 'एकावर एक मोफत'चा कागद चिकटवलाय. पोहायला शिकवणारे सर आमचे जुने गिऱ्हाईक, ते दारातच थबकले. "बाई, समुद्र आटला की काय?" मला हसू आलं, पण जरा टोचलंही.

दुपारी एक माणूस टेप घेऊन डावी भिंत मोजत होता. मग उजवी मोजली, काउंटर मोजलं, मागची मास्तरांची खोलीही मोजली. धाकटा म्हणाला इलेक्ट्रिशियन आहे, नवे दिवे बसवायचेत. त्याचे बूट इतके चकचकीत होते की हा शिडीवर चढणार कसा, असं मनात आलं. माझ्या पँटसाठी नवे दिवे! धाकट्याने एवढा विचार केला असेल असं वाटलं नव्हतं.

१५ सप्टेंबर, रविवार

भाव आणखी उतरवले. धाकट्याने सांगितलं, यापुढे गिऱ्हाइकाला 'फाटलं तर शिवून देऊ' असं म्हणायचं नाही. का, तर सेलच्या मालाला ते लागू नसतं, सगळीकडे असंच असतं. मी म्हटलं, सगळीकडे असतं म्हणून तर लोक आपल्याकडे येतात. तो म्हणाला, "ताई, तू ना, फार मनाला लावून घेतेस." मी जुन्या सवयीने दोघातिघांना सांगून टाकलंच. सांगू नको म्हणून तोंड थोडंच थांबतं?

मास्तरांना पँटचे कागद कसे वाटले विचारलं. ते कात्री खाली ठेवून म्हणाले, "कुठले कागद?"

"धाकट्याने दिले ना तुम्हाला?"

"माझ्याकडे काही आलं नाही, ताई. कुठे आहेत बघा. तुमची वस्तू तुमच्याजवळ असलेली बरी." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मास्तरांचं वय झालं, विसरायला लागलेत. शिवाय माझ्या नावाची पाटी लागणार हे त्यांना थोडं झोंबत असेल. इतकी वर्षं तेही इथे आहेत, माणूसच आहे शेवटी. मी विषय वाढवला नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज पुतळे विकले. एका बाईने शर्टाचा भाव विचारला, धाकटा म्हणाला, "पुतळ्यासकट घेऊन जा." मला थट्टा वाटली. पण त्याने खरंच तो उचलून तिच्या गाडीत घातला. मग हँगर गेले, मग लांबडा आरसा. ट्रायल रूमचा पडदासुद्धा कुणीतरी नेला. संध्याकाळी दुकानात बोलताना आवाज घुमत होता.

मी सरळ विचारलं, "पुढच्या हंगामात कपडे काय जमिनीवर मांडायचे?"

"सगळं नवं येणार, ताई." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

लहानपणी बरणी फोडल्यावरसुद्धा हा असाच विचारायचा, आणि आई माझ्याकडे डोळे वटारून बघायची. या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर आहे, ते मी दिलं.

आई हल्ली रोज फोन करते. किती माल उरला हे विचारते, पँटचं काही विचारत नाही. आज म्हणाली, "जास्त जीव गुंतवू नको कशात, तब्येत सांभाळ." मी म्हटलं, तब्येत ठणठणीत आहे. तिला आता वयामुळे सगळ्याचीच काळजी वाटते.

२२ सप्टेंबर, रविवार

संपला! शेवटचा शर्ट मीच विकला. बाही उसवलेला होता, उभ्या उभ्या टाके घालून दिला. गिऱ्हाईक गेल्यावर धाकट्याने मला मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडला. "ताई, तू नसतीस तर हे झालंच नसतं." लहानपणापासून त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. माझेही डोळे भरले. वाटलं, उशिरा का होईना, याला माझी किंमत कळली.

मी म्हटलं, "वेड्या, रडतोस काय, आता तर खरी सुरुवात." तेव्हा तो आणखीच रडला.

उद्या सकाळी, ह्यांच्याच पँटवरून पण दोन्ही पाय सारखे करून रात्री शिवून ठेवलेल्या पँट घेऊन जाते. ह्यांनी पिशव्या भरून दाराशी ठेवल्यात, अगदी इस्त्री करून.

२३ सप्टेंबर, सोमवार

काय लिहू?

पिशव्या घेऊन गेले तर शटरला दुसरंच कुलूप. दोन माणसं शिडी लावून पाटी उतरवत होती. खाली ते चकचकीत बूटवाले उभे. मी म्हटलं, "अहो, पाटी जपून, ती परत लावायचीय." ते अदबीने म्हणाले, "नाही मॅडम, इथे आता आमचं ऑफिस होणार. नाव कंपनीने घेतलं, कपडे आमच्या मोठ्या दुकानांत मिळतील. तुम्हाला सांगितलं नाही का?"

मी म्हणाले, "सांगितलंय, सांगितलंय." का म्हणाले कोण जाणे. परक्या माणसासमोर लाज गेली नाही पाहिजे, एवढंच तेव्हा सुचलं.

धाकटा आईकडे बसला होता. पोहे खात होता. मला बघून त्याने बशी खाली ठेवली.

"नाव विकलंस?"

"ताई, बस आधी."

"जागा माझ्यासाठी रिकामी करतोय म्हणालास."

"रिकामं दुकान हवं होतं त्यांना. मुदत होती. माल निघाला नसता तर सगळंच फिसकटलं असतं." मग खाली मान घालून, "तुला सांगितलं असतं तर तू इतकं विकलं असतंस का?"

मी आईकडे पाहिलं. आई आश्चर्याने ओरडेल, त्याच्या थोबाडीत मारेल, निदान "हे काय?" म्हणेल, अशी वाट बघत होते. ती म्हणाली, "त्याच्या आयुष्याचा प्रश्न होता गं. तुला तुझं घर आहे, जावई कमावतात."

म्हणजे तिला माहीत होतं. रोज फोन करून किती माल उरला विचारत होती ती त्यासाठी. मास्तरांना माहीत होतं. त्या दिवे न लावणाऱ्या इलेक्ट्रिशियनला माहीत होतं. सगळ्या जगाला माहीत होतं, आणि मी ट्रायल रूमपाशी उभी राहून 'छान दिसतंय, घ्या, घ्या' करत माझीच जागा माझ्या हातांनी विकत होते. इतकं मूर्ख मला आजवर कुणीच बनवलं नव्हतं, ते माझ्या माणसांनी बनवलं.

पिशव्या घेऊन परत आले. ह्यांनी दार उघडलं, माझं तोंड पाहिलं, आणि पिशव्या हातातून घेतल्या. तेव्हा मला रडू फुटलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

रडून झालं. आता संताप. भांडी घासताना एक कप फोडला, तो चुकून फुटला असं म्हणणार नाही.

धाकट्याला फोन करून एवढंच म्हटलं, "माझे कागद परत दे." तो म्हणाला, सामान हलवताना कुठल्यातरी खोक्यात गेले, सापडले की आणून देतो. ह्यांना त्याचा संशय येतो. जेवताना म्हणाले, "अगं, खोक्यात गेले की कंपनीत?" मी ह्यांच्यावरच उखडले. माझा भाऊ खोटं बोलला, मला फसवलं, सगळं मान्य. पण तो चोर नाही. माझ्या हातचं त्याने परक्याला दिलं नसतं. एवढं तरी मला माहीत आहे.

कागद पुन्हा काढायला बसले होते. हात चालेना. शिवलेल्या पँट शेजारच्या बँकेतल्या शिपायांना वाटून टाकल्या. त्यांना आवडल्या म्हणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मधले महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. पडद्यांना अस्तर लावून देते, शाळेचे गणवेश शिवते. आईकडे जाते, धाकट्याचा विषय निघाला की उठते. दुकानाच्या रस्त्याने मात्र जात नाही.

आज हे कामावरून येताना पिशवी घेऊन आले. मोठ्या दुकानात हंगाम संपल्याचा सेल लागलाय, एक साधी पँट उचलली म्हणाले. "किरकोळ दोष असलेल्या मालाच्या ढिगात होती, अगदी स्वस्तात." मी नेहमीप्रमाणे सुई-दोरा काढून बसले, डावा पाय वर घ्यायला. हे आतून घालून बाहेर आले.

"अगं, बघ तरी. आयुष्यात पहिल्यांदा विकतची पँट जशीच्या तशी बसली. पायही वर घ्यायला नको."

मी बघितलं. कंबर पुढून पोटाखाली उतरलेली, मागून वर चढलेली. इलॅस्टिक फक्त पाठीला. उजवा पाय टाचेपर्यंत, डावा पाय किंचित वर. दोष म्हणजे हाच. दुकानातल्या ढिगातल्या सगळ्याच पँट अशा होत्या म्हणे, एक पाय आखूड.

ह्यांच्याही आत्ता लक्षात आलं. ते तिथेच उभे राहिले. "मी काढून ठेवतो," म्हणाले.

"बसून दाखवा," मी म्हटलं. ते हळूच खुर्चीवर बसले. कुठे काचलं नाही. काचणार नव्हतंच. कागद ना खोक्यात गेले, ना हरवले. माझ्या नवऱ्याच्या अंगाचं माप घेऊन कुठल्यातरी कारखान्याने ढिगाने पँट शिवल्या होत्या, आणि आता त्या फुंकून टाकत होते.

ऑक्टोबरात मी काय लिहिलंय ते मागे जाऊन वाचलं. ते खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दुपारी धाकट्याचा फोन आला. इतक्या महिन्यांनी. मी उचलला, कारण मला वाटलं, माफी मागायला केला असेल. हे लिहायला लाज वाटते, पण मला तसं वाटलं. त्याने माफी मागितली तर काय बोलायचं, हे मी मनात जुळवलंसुद्धा होतं.

"ताई, ठेवू नको. एकच विचारायचंय. तुझ्या त्या पँटचं."

"तिचे कागद तर खोक्यात गेले होते ना?"

तो म्हणाला, "आता ते उगाळून काय उपयोग? ऐक ना. कंपनीवाले माझ्या डोक्यावर बसलेत. कंबरेचा कट सगळ्यांना आवडलाय, पण पाय खालीवर येतात. मी त्यांना सांगितलं होतं, ते मुद्दाम आहे, फळीवर एक पाय पुढे असतो, तोलासाठी तसं केलंय. आता गिऱ्हाइकं परत आणून देतायत. दोन्ही पाय सारखे करायला गेलो तर कुठला पाय खरा तेच कळत नाहीये. डावा धरून केल्या तर सगळ्यांनाच आखूड झाल्या. पुढच्या हंगामाचा माल अडकलाय, ताई."

एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. मी ओरडले. शेजारच्या बाई गॅलरीत आल्या, इतकी ओरडले. "तो तुझ्या भावोजींचा पाय आहे, कळतंय का? लहानपणी मोडलेला! त्या माणसाला स्टुलावर उभं करून मी ते माप घेतलं. तू आमच्या घरात जेवलास आणि त्यांचा पाय विकून आलास! उजवा तेवढा तुझ्या गिऱ्हाइकांचा आहे, डावा माझ्या नवऱ्याचा आहे, त्याला हात लावायचा नाही!"

मला वाटलं, लागलं वाटतं कुठेतरी. वाटलं, आता रडेल, दुकानात रडला होता तसा. मी वाट बघत राहिले.

तो कुणाशी तरी बोलत होता. तोंड फोनपासून दूर नेऊन, पण मला स्पष्ट ऐकू आलं. "उजवा धरा. हो, उजवा बरोबर आहे."

मग मला म्हणाला, "थँक्यू ताई. मोठं काम केलंस."

फोन मी ठेवणार होते. तोही त्यानेच ठेवला.